खाणं सुधारलं, मग पोट का अडलं?

साखर वाढली, वजन वाढलं किंवा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट वर आला की जळगाव-धुळ्याकडच्या घरात ठरलेले बदल होतात. भाकर अर्धी होते किंवा बंदच होते. सकाळी ओट्स येतात, दुपारी काकडी-टमाट्याची प्लेट, संध्याकाळी दोन उकडलेली अंडी नाहीतर पनीर. फोडणीतलं तेल निम्म्यावर येतं. आठ-दहा दिवसांत वजनाचा काटा थोडा खाली येतो आणि त्याच सुमारास संडासला खडा धरायला लागतो. कुंथावं लागतं, पोट जड राहतं, भूक मरते. मग माणूस चूर्णाच्या डबीकडे वळतो, नाहीतर "आपल्याला हे पथ्य मानवत नाही" म्हणत जुन्या खाण्यावर परत येतो.

दोन्हीची गरज नसते. चांगलं खाणं सुरू केल्यावर पोट अडण्याची कारणं मोजकी आहेत आणि बहुतेक वेळा ती घरच्या ताटातच दुरुस्त होतात. त्यासाठी आतड्यात काय घडतं ते थोडं समजून घ्यावं लागतं.

बद्धकोष्ठ कशाला म्हणायचं

रोज सकाळी एकदा पोट साफ झालंच पाहिजे, हा नियम शरीराने केलेला नाही. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत कितीही वेळा शौचाला होणं सामान्य धरलं जातं, फक्त मळ मऊ हवा आणि सहज बाहेर पडायला हवा. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं, मळ कडक असणं, बऱ्याचदा कुंथावं लागणं, उठल्यावरही काहीतरी आत राहिल्यासारखं वाटणं, यांतल्या एक-दोन गोष्टी सतत होत असतील तर ते बद्धकोष्ठ.

डॉक्टर मळाचं रूप ओळखण्यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे सुट्या, कडक गोळ्या. दुसरा म्हणजे गोळ्या एकमेकींना चिकटून झालेला खडबडीत लांबट गोळा. हे दोन्ही बद्धकोष्ठाचे. तिसरा भेगा असलेला लांबट, चौथा मऊ आणि गुळगुळीत. तिसरा-चौथा असला की पोट ठीक आहे. पाचव्यापासून पुढे मळ पातळ होत जातो. किती वेळा झालं यापेक्षा कोणत्या प्रकारचं झालं याकडे लक्ष दिलं तर आत काय चाललंय याचा अंदाज जास्त चांगला येतो.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जेवण कमी केलं की मळही कमी तयार होतो. आधी रोज होत होतं आणि आता एक दिवसाआड होतंय, पण मऊ आहे, पोट हलकं आहे, तर काहीही बिघडलेलं नाही. त्यावर औषध घेऊ नये.

आतड्यात काय होतं

लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात दिवसाला साधारण दीड लिटर पातळ ऐवज येतो. मोठं आतडं त्यातलं जवळपास सगळं पाणी शोषून घेतं आणि मळातून जेमतेम १०० ते २०० मिलि पाणी बाहेर जातं. चांगल्या मऊ मळात तीन चतुर्थांश पाणीच असतं. आतडं पाणी शोषायचं थांबत नाही. मळ जितका जास्त वेळ आत रेंगाळतो, तितका तो सुकत जातो. म्हणून प्रश्न दोनच: मळ वेळेवर पुढे सरकतोय का, आणि त्यात पाणी धरून ठेवणारं काही आहे का.

दोन्ही कामं चोथा करतो. चोथा म्हणजे धान्याचा कोंडा, डाळीचं साल, भाजीचे तंतू, फळाचा गर यांतला न पचणारा भाग. तो दोन तऱ्हेचा असतो. ज्वारी-बाजरी-गव्हाच्या कोंड्यातला जाडाभरडा चोथा पाण्यात विरघळत नाही. तो आतड्याच्या अस्तराला घासत जातो, त्यामुळे अस्तरातून पाणी आणि चिकट स्राव सुटतो, आतडं आकुंचन पावतं आणि मळ पुढे ढकलला जातो. दुसरा इसबगोलासारखा, पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा. तो आतलं पाणी घट्ट धरून ठेवतो आणि मोठ्या आतड्याला ते सहजासहजी शोषू देत नाही.

यात एक बारकावा आहे आणि तो गिरणीवर उपयोगी पडतो. कोंडा जाडसर असेल तरच तो अस्तराला नीट घासतो. अगदी बारीक दळलेला गव्हाचा कोंडा काहींच्या बाबतीत मळ उलट घट्ट करतो. म्हणून पोट अडणाऱ्या घरात दळण थोडं जाडसर आणावं आणि बारीक चाळणीने चाळून कोंडा गुरांना घालू नये.

जुनं ताट आणि नवं ताट

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा हवा आणि फळं-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम. आता दोन ताटांचा हिशेब करू.

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम चोथा असतो, बाजरीत साडेअकराच्या आसपास. एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ धरलं तर दादर ज्वारीची एक भाकर ७ ग्रॅम चोथा देते. दिवसभरात दोन भाकरी म्हणजे १४. वाटीभर मठाच्या, म्हणजे मटकीच्या, उसळीत ३० ग्रॅम कोरडे मठ जातात, त्यांचे साडेचार. वाटीभर तुरीच्या वरणाचे दोन. जळगावच्या हिरव्या भरताच्या वांग्याचा दीडशे ग्रॅम गर खाल्ला तर पाच-सहा. झाले २६ ग्रॅम, तेही 'हेल्दी' असं काही न म्हणता.

आता नवं ताट. सकाळी ४० ग्रॅम ओट्सचे ४. दोन अंड्यांचं शून्य. पनीरचं शून्य. जिममधल्या प्रोटीन पावडरचं बहुतेक शून्य. काकडी-टमाट्याची दीडशे ग्रॅमची प्लेट दिसायला भरगच्च असते, पण ती बहुतांश पाणीच असते, तिचे ३. दोन पातळ फुलक्यांचे साडेपाच. लहान सफरचंदाचे ३. एकूण १५-१६.

म्हणजे ताट बाकी बाबतीत सुधारलं असेल, पण चोथा आधीच्या मानाने बराच उतरला. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे असं होण्याचं मोठं कारण भाकर सोडणं हेच आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. साखरेच्या रुग्णाने भाकरीचं प्रमाण आवरावं हे बरोबर. किती खायची ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील. पण चोथ्याच्या हिशेबाने पाहिलं तर ज्वारीची एक भाकर वाटीभर ओट्सपेक्षा जास्त चोथा देते. दोनाच्या ऐवजी एक भाकर खाऊन सोबत उसळ आणि भाजी दुप्पट करणं हे भाकर बंद करून सॅलडवर राहण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

कळण्याची भाकर यात आणखी वरचढ. किलोभर ज्वारीला पाव किलो सालासकट काळे उडीद घालून दळलं तर १०० ग्रॅम पिठात साधारण १२ ग्रॅम चोथा येतो आणि प्रथिनंही वाढतात. फक्त उडदाने गॅस होतो. ज्यांना सवय नाही त्यांनी सुरुवातीला उडीद निम्मेच घालावेत, म्हणजे किलोला सव्वाशे ग्रॅम.

तेल-तूप एकदम तोडण्याचाही परिणाम होतो. जेवणात थोडी स्निग्धता असली की पोट भरल्याचा इशारा मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि ते हालचाल करतं. उकडलेलं, कोरडं, बिनतेलाचं आणि तेही मूठभर खाल्लं की हा इशारा क्षीण होतो. दिवसाला तीन-चार चहाचे चमचे तेल माणशी, हे वजन कमी करणाऱ्यालाही चालण्यासारखं आहे. भरतातल्या तेलावर हात आखडा, पण ते शून्यावर आणू नका. चमचाभर तूप खाल्ल्याने आतडी वंगण घातल्यासारखी मोकळी होतात असं मात्र काही नसतं.

उपवासाचं खाणं वेगळं धरावं लागतं. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतोच. वजनासाठी आठवड्यातून दोन-तीन उपास धरणारे लोक त्या दिवशी खिचडी आणि बटाट्यावर राहतात आणि दुसऱ्या दिवशी पोट अडतं. त्या दिवशी भगर, राजगिरा, रताळं सालासकट उकडून आणि एखादं पेरू किंवा पपई एवढा बदल पुरतो.

केळं बांधतं की सोडतं?

रावेर-यावलच्या पट्ट्यात हा प्रश्न टाळून चालणार नाही. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, घरोघरी केळी असतात आणि प्रत्येकाचं मत वेगळं असतं. दोघांचंही थोडं खरं आहे. हिरवट, कच्च्या केळ्यात न पचणारं पिष्ट आणि तुरटपणा देणारी टॅनिन्स भरपूर असतात. बांगलादेशात लहान मुलांच्या लांबलेल्या जुलाबावर शिजवलेल्या कच्च्या केळ्यांचा अभ्यास झाला आणि मळ घट्ट होण्यास त्यांची मदत झाली. केळं पिकत जातं तसं ते पिष्ट साखरेत बदलतं आणि तुरटपणा जातो. सालावर तपकिरी ठिपके आलेलं केळं पोट अडवत नाही. पण ते बद्धकोष्ठाचं औषधही नाही, एका केळ्यात जेमतेम दोन-तीन ग्रॅम चोथा असतो. पोट अडलेलं असताना पिवळं-हिरवं केळं आणि केळ्याचे वेफर्स बाजूला ठेवा, ठिपक्यांचं एखादं खुशाल खा.

फळांत या कामाला पेरू सगळ्यांत सरस, बियांसकट. मध्यम पेरूमागे सहा-सात ग्रॅम चोथा मिळतो. सीताफळ, चिकू, पपई, संत्र्याच्या पांढऱ्या रेषांसह फोडी, मेहरूणची बोरं, सगळं चालतं. रस काढला की काम गेलं, कारण चोथा गाळणीत राहतो. नाशपाती आणि सुका आलुबुखारा यांत सॉर्बिटॉल नावाची साखर असते, ती पूर्ण शोषली जात नाही आणि आतड्यात पाणी ओढते. आलुबुखाऱ्याचा गुण तर अभ्यासांतूनही दिसला आहे. तो महाग वाटत असेल तर पेरूने काम भागतं. साखरेच्या रुग्णांनी सुकी फळं मोजून खावीत.

ज्यांनी चोथा वाढवला, तरी पोट अडलं

दुसरा गट याच्या अगदी उलट. हे लोक सोमवारपासून ठरवून सगळं एकदम सुरू करतात: सकाळी जवस, नाश्त्याला मोड आलेले मूग, दुपारी सालासकट हरभरा, रात्री इसबगोल. चौथ्या दिवशी पोटाला गुबारा धरतो, ढेकर येतात, वात सरत नाही आणि संडासही होत नाही.

यात दोन गोष्टी बिघडतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू काही प्रकारचा चोथा आंबवतात आणि गॅस तयार करतात. चोथा हळूहळू वाढला तर जिवाणूंची वस्ती त्याप्रमाणे बदलते आणि दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. एकदम वाढला तर गॅसचा मारा होतो. दुसरं म्हणजे पाणी. चोथ्याने पाणी धरावं अशी अपेक्षा असते, आणि पाणीच नसेल तर कोरडा चोथा आतड्यात घट्ट बसतो.

वाढवायचा वेग आठवड्याला साधारण ५ ग्रॅम ठेवा. पहिल्या आठवड्यात एकच बदल: एक भाकर परत आणा, किंवा बारीक चाळणं सोडा. दुसऱ्या आठवड्यात रोज वाटीभर उसळ. तिसऱ्या आठवड्यात एक पेरू किंवा एका भाजीऐवजी दोन भाज्या. भाज्यांत गवार, भेंडी, मेथी, पोकळा, अंबाडी, शेवग्याचा पाला आणि शेंगा या जास्त चोथ्याच्या. काकडी, दुधी, कोबी कमी चोथ्याच्या. कच्च्याच खायला हव्यात असं नाही. शिजवल्याने चोथा नाहीसा होत नाही, उलट शिजवलेली पालेभाजी माणूस कच्चीच्या तिप्पट खाऊ शकतो.

कडधान्याचा गॅस कमी करण्याची रीत सोपी आहे. मठ, मूग, हरभरा आठ तास भरपूर पाण्यात भिजत घाला. ते पाणी फेकून द्या, त्यात गॅस करणाऱ्या साखरेचा काही भाग निघून जातो. मठ-मुगाला दीड दिवस मोड येऊ द्या, नवं पाणी घालून मऊ शिजवा. कच्चे मोड मूठभर खाण्यापेक्षा शिजलेली उसळ पोटाला सोसते. हरभऱ्यापासून सुरुवात करू नका, त्याने सर्वांत जास्त त्रास होतो, मुगापासून करा.

जवस भाजून जाडसर कुटून खावं. अख्खे दाणे तसेच्या तसे बाहेर पडतात. मोठा चमचाभर, म्हणजे १० ग्रॅम जवसाच्या चटणीतून अडीच ग्रॅम चोथा मिळतो. तिखट ठेच्याने बद्धकोष्ठ होत नाही, पण गुदद्वाराला चीर पडलेली असेल तर शौचाच्या वेळी आग वाढते. मग माणूस भीतीने संडास टाळतो आणि खडा आणखी सुकतो. चीर भरेपर्यंत ठेचा आवरावा.

पाणी किती

नेहमीच्या हवेत बसून काम करणाऱ्याला पाणी, ताक, वरण, चहा सगळं धरून दोन-अडीच लिटर द्रव पुरतो. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने मळ जास्त मऊ होत नाही, ते लघवीवाटे निघून जातं. चार-पाच लिटरचा हट्ट धरू नये. पण कमतरता असेल तर ती भरून काढल्याशिवाय काहीच चालत नाही आणि खान्देशात उन्हाळ्याचे तीन महिने ही कमतरता असतेच. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. शेतात, वीटभट्टीवर किंवा मोटरसायकलवर फिरणाऱ्याचा घामच काही लिटर जातो. शरीर पाण्याची वाट रोखतं, मोठं आतडं उरलंसुरलं पाणी शोषून घेतं आणि मळ सुकतो. म्हणून ज्यांना पथ्य उन्हाळ्यात सुरू करायचं आहे त्यांनी चोथ्याआधी पाण्याची घडी बसवावी.

मोजण्याची खूण लघवीच्या रंगात आहे. फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. दुपारी गडद पिवळी, थोडीशीच होत असेल तर कमी पडतंय. सकाळी उठल्यावर एक पेला, प्रत्येक जेवणासोबत एक, मधल्या वेळात ताक, उन्हात असाल तर तासाला एक पेला. पाणी कोमट असो की माठातलं, मोठा फरक पडत नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी पाण्याचं माप डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच ठेवावं, इथलं ऐकून वाढवू नये.

इसबगोल नीट कसं घ्यायचं

ताटातून २५ ग्रॅम जमत नसेल तर इसबगोलाचा भुसा हा उपलब्ध पर्यायांत सर्वांत भरवशाचा. तो आतड्यात फारसा आंबत नाही, म्हणून इतर चोथ्याच्या मानाने गॅस कमी करतो, आणि बाहेर पडेपर्यंत पाणी धरून राहतो. बहुतेकांचं चुकतं ते पाण्यात. चमचाभर भुसा अर्ध्या कप दुधात कालवून त्याची खळ झाल्यावर गिळतात. असं करू नये.

मोठ्या पेल्यात २४० मिलि पाणी घ्या, त्यात एक चहाचा चमचा भुसा टाका, ढवळा आणि लगेच प्या. मिनिटभर थांबलात तरी तो फुगायला लागतो. वरून अर्धा पेला पाणी आणखी. चार-पाच दिवस हेच प्रमाण, मग गरज वाटली तर सकाळ-संध्याकाळ. गुण यायला १२ तासांपासून ३ दिवसांपर्यंत वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या रात्रीच काही झालं नाही म्हणून दुप्पट घेऊ नका. आडवं होण्याच्या अगदी आधी घेऊ नका. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, कारण तो गोळ्यांचं शोषण कमी करू शकतो. गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना तो देऊ नये, घशात फुगून अडकू शकतो.

आणि एक महत्त्वाचं. गुदाशयात आधीच कडक खडा बसलेला असेल तर वरून इसबगोल किंवा कोंडा ढकलू नका. चार-पाच दिवस काहीच झालेलं नाही, खाली दगड असल्यासारखं वाटतंय, अशा वेळी आधी खालची वाट मोकळी करावी लागते. ग्लिसरीनची गुदद्वारात ठेवायची वडी किंवा डॉक्टरांनी दिलेलं पाणी ओढणारं औषध, मग चोथा. म्हाताऱ्या माणसांत या खड्याच्या कडेकडेने पातळ पाणी झिरपतं. घरच्यांना वाटतं जुलाब लागलेत आणि ते जुलाब थांबवायची गोळी देतात. त्याने खडा आणखी घट्ट बसतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा कमी हालचाल असणाऱ्या माणसाला बरेच दिवस नीट शौच न होता अचानक पातळ डाग पडू लागले, तर आधी तपासून घ्या.

सकाळची अर्धी घटका

जेवण पोटात गेलं की मोठ्या आतड्यात हालचालीची लाट येते, साधारण १५ ते ३० मिनिटांनी. सकाळी उठल्यानंतरच्या पहिल्या खाण्यावर ही लाट जोरात असते. वजनासाठी सकाळचा नाश्ता बंद करणाऱ्यांची ही वेळच हातची जाते. पाच वाजता फिरायला, आल्यावर अंघोळ, साडेआठला बस किंवा शाळा. कळ येते ती वर्गात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर, आणि ती दाबली जाते. रोज दाबली की गुदाशय तेवढ्या भरण्याला सवयीने दाद देईनासा होतो.

उपवासाची वेळ पाळायचीच असेल तर रात्रीचं जेवण लवकर संपवा आणि सकाळी काहीतरी खा. नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, कळ असो वा नसो, पाच मिनिटं बसा. दहा मिनिटांच्या वर नाही, मोबाइल बाहेर. बसून राहिल्याने आणि कुंथल्याने मूळव्याधीवर ताण येतो, बाकी काही साधत नाही.

उकिडवं बसल्यावर गुदाशय आणि गुदद्वार यांच्यातला कोन सरळ होतो आणि त्याला आवळून धरणारा स्नायू सैल पडतो. आपल्या जुन्या संडासात हे आपोआप होतं. गुडघ्यांमुळे कमोडवर बसावं लागत असेल तर पायाखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या, थोडं पुढे वाका, कोपर मांडीवर टेकवा. श्वास रोखून जोर लावू नका. पोट फुगवत सावकाश श्वास सोडा.

चूर्ण, एरंडेल, गोळ्या

पोट साफ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. डबीवरची घटकांची यादी वाचून पाहा. सोनामुखी आतड्याच्या नसांना चेतवून ६ ते १२ तासांत काम करते, म्हणून रात्री घेतली की सकाळी परिणाम दिसतो आणि लोकांचा विश्वास बसतो. कधीतरी अडल्यानडल्याला ती वाईट नाही. ती घेतल्याने आतडी कायमची निकामी होतात ही भीती योग्य मात्रेत खरी ठरलेली नाही. पण रोज स्वतःच्या मनाने वाढवत नेल्यास पोटात मुरडा येतो, शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं आणि मूळ कारण झाकलं जातं. काही चूर्णांत मीठ आणि खारही भरपूर असतो, रक्तदाबाच्या माणसाने ते लक्षात घ्यावं. एरंडेलाने पोट धुऊन निघतं आणि पुढचे दोन दिवस आत काही नसल्यामुळे काही होत नाही. लोक ते पुन्हा बद्धकोष्ठ समजून पुन्हा एरंडेल घेतात. गरोदर बाईने एरंडेल घेऊ नये.

लॅक्टुलोज आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल ही औषधं आतड्यात पाणी ओढून मळ मऊ करतात. लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात आणि त्याने गॅस होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती काही आठवडेही घेता येतात, त्यांना घाबरून कुंथत बसू नये.

ताटात नसलेली कारणं

पथ्याबरोबरच अनेकांना लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात आणि दोष बिचाऱ्या भाजीवर जातो. लोहाच्या गोळीने मळ काळा आणि घट्ट होतो. कॅल्शियम कार्बोनेट, ॲल्युमिनियमचे अँटासिड, रक्तदाबावरचं व्हेरापामिल, वेदनेसाठीचं ट्रॅमाडॉल, खोकल्याचं कोडीनचं औषध, सर्दीच्या काही गोळ्या, नैराश्यावरचं ॲमिट्रिप्टिलिन ही सगळी पोट बांधतात. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, लोह एक दिवसाआड किंवा दुसऱ्या रूपात देता येतं. थायरॉइड कमी असणं आणि जुना मधुमेह यांनीही आतड्याची चाल मंदावते.

काही माणसांचा मळ मऊ असूनही बाहेर पडत नाही. जोर लावताना सैल पडायला हवेत ते स्नायू उलट आवळले जातात, बोटाने मदत करावी लागते. त्यांनी कितीही चोथा खाल्ला तरी उपयोग नाही, पोट फक्त फुगतं. या स्नायूंना पुन्हा वळण लावणारी फिजिओथेरपी असते, बायोफीडबॅक म्हणतात तिला, आणि ती चांगली लागू पडते. पोटविकारतज्ज्ञांना नेमकं हेच लक्षण सांगायला लाजू नका, नाहीतर पुन्हा चूर्णच लिहून मिळेल.

मळात रक्त, काही न करता उतरणारं वजन, रक्ताची कमतरता, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं बद्धकोष्ठ, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, यांपैकी काही असेल तर घरचे उपाय करत महिना घालवू नका. रक्त मूळव्याधीचंच असेल हे स्वतः ठरवू नका. पोट फुगून दुखतंय, उलट्या होताहेत आणि वातही सरत नाहीये, तर आतडं अडलेलं असू शकतं. त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जावं, वाटेत रेचक देऊ नये.

बाकीच्यांनी तीन-चार आठवडे वरचे बदल करून पाहावेत आणि तरीही फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जावं. जाताना एका कागदावर दोन आठवड्यांचं टिपण न्या: कोणत्या दिवशी झालं, ब्रिस्टलचा कितवा प्रकार, कुंथावं लागलं का, दिवसभरात किती भाकरी, उसळ झाली का, पाणी किती, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-चूर्णांची नावं, दुकानातून परस्पर आणलेल्यांसकट.